घोळ वर घ्या!

मित्रांनो, न्हाणीघराच्या दाराआड जाड दांडीवर कमरेत दुमडून टाकलेला हा काळा ऐवज पाहून दचकू नका. मी कोणी बुडता बुडता वाचलेला माणूस नाही. मी एक जुना वेटसूट आहे. थंड पाण्यात उतरताना माणसे अंगाला घट्ट बसणारा रबरी पोशाख घालतात ना, तोच मी. गुडघ्यांवर माझा रंग उडाला आहे, पाठीवरची चेन अडखळत चालते आणि दोन्ही बगलांत दोन ठिगळे आहेत. त्या ठिगळांची मला लाज वाटत नाही. उलट कोणी पाहुणा आला की मी मुद्दाम बाह्या लोंबत्या ठेवतो, म्हणजे ती त्याला दिसतात.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. तिथे रबर तापवून फुगवत आणि त्यात हवेचे इतके बारीक बुडबुडे भरत की ते डोळ्यांना दिसू नयेत. माझी ऊब आणि माझे तरंगणे, दोन्ही त्या बुडबुड्यांच्या जिवावर. मग रबराला दोन्ही बाजूंनी ताणणारे कापड चिकटवले, कागदी नमुन्यावर ठेवून मला बेतले, आणि तुकडे गोंदाने जोडून वरून शिलाई मारली. शिलाई करणाऱ्या बाईंचा चष्मा जाड होता आणि हात हलका. शेजारी बसलेल्या नव्या मुलीला त्या सांगत होत्या, "सुई अर्ध्या जाडीतूनच वर काढायची बरं का. आरपार गेली की पाणी आत आलंच म्हणून समज." हे वाक्य तुम्हीही लक्षात ठेवा. पुढे लागणार आहे.

दुकानात मी चार महिने लटकलो. मला अंगावर चढवताना भल्याभल्यांच्या नाकी नऊ येत. एका गृहस्थांचे डोके माझ्या गळ्यात असे अडकले की त्यांची बायको आणि दुकानदार या दोघांना मिळून त्यांना बाहेर ओढावे लागले. "हा कपडा आहे की शिक्षा?" असे म्हणून ते तरातरा निघून गेले. मी मनात म्हटले, चूक कोणाची आणि बोलणी कोणाला! पण ते ऐकून घेण्याची सवय मला तेव्हापासूनच लागली.

मग एके दिवशी मावशी आली. ती खरी तुमची-माझी कोणाची मावशी नव्हे. शहरातल्या पोहण्याच्या तलावावर ती अठरा वर्षे शिकवत होती आणि तिथली सगळी मुले तिला मावशी म्हणत, म्हणून मीही तेच म्हणतो. रुंद खांदे, मोठा आवाज, आणि आवाजाहून मोठे हसू. चाळिशी उलटल्यावर तिला सर्फिंगचे वेड लागले होते. पहिल्या उन्हाळ्यात ती शिकली, आणि दुसऱ्या उन्हाळ्यात किनाऱ्यावरच्या सर्फिंगच्या शाळेत लहान मुलांना शिकवूही लागली. तिच्या वर्गात अकरा मुले होती. फळी डोक्यावर घेऊन ती वाळूतून तिरपी तिरपी चालत, म्हणून त्या वर्गाचे नाव पडले खेकडा गट.

सर्फिंग म्हणजे लाटेवर फळी घेऊन उभे राहणे, एवढेच तुम्ही चित्रात पाहिले असेल. पण उभे राहणे हा त्यातला चिमूटभर भाग. बाकी सगळा वेळ फळीवर पालथे पडून दोन्ही हातांनी आळीपाळीने पाणी मागे सारावे लागते. लाटा ओलांडून पलीकडे जायचे तरी हात मारा, लाट पकडायची तरी हात मारा, परत यायचे तरी हात मारा. ज्याचे हात थकले त्याचे सर्फिंग संपले.

शाळेचा एक नियम होता. थंडीत वर्ग चालवायचा असेल तर शिकवणाऱ्याने थंडीतच परीक्षा द्यायची. किनाऱ्यावरच्या खांबापासून फळी घेऊन निघायचे, दूरवर पाण्यात नांगरलेल्या पिवळ्या बोयाला, म्हणजे त्या मोठ्या तरंगत्या गोळ्याला, वळसा घालायचा आणि बारा मिनिटांच्या आत खांबाला हात लावायचा. लाटेने एखादे मूल ओढून नेले तर त्याला वेळेत गाठता आले पाहिजे, म्हणून हा नियम. संधी दोनच. मावशी नापास झाली तर खेकडा गट उन्हाळ्यापर्यंत बंद होणार होता, कारण एवढ्याशा मुलांना सांभाळायला दुसरे कोणीच तयार नव्हते.

परीक्षा घेणारे होते शिट्टीमास्तर. गळ्यात शिट्टी, हातात सेकंद मोजायचे घड्याळ, आणि तोंडात मोजके शब्द.

मावशी निर्धास्त होती. उन्हाळ्यात साध्या पोहण्याच्या पोशाखात तिने हेच अंतर दहा मिनिटांत कापले होते. त्या सकाळी ती मला घालून झोकात पाण्यात शिरली, आणि बोयापर्यंत पोहोचता पोहोचताच तिचे खांदे भरून आले. परत येऊन तिने खांबाला हात लावला तेव्हा तिला धड बोलताही येत नव्हते.

"चौदा मिनिटं वीस सेकंद," शिट्टीमास्तर म्हणाले. "तीन आठवड्यांनी पुन्हा."

"मास्तर, हा सूट माझा हात धरतो हो!"

"सगळ्यांचाच धरतो. आपण सोडवून घ्यायचा."

मित्रांनो, खोटे कशाला बोलू? मावशी म्हणत होती ते खरेच होते. तिने हात पुढे टाकला की माझे रबर ताणले जाई, आणि ताणलेले रबर मागे खेचणारच. एकदा खेचले तर काहीच वाटत नाही. पण बोयापर्यंत जाऊन यायचे म्हणजे हात शेकडो वेळा पुढे टाकायचा, आणि शेकडो वेळा मी त्याला मागे खेचायचे. मला फार वाईट वाटले. आपल्यामुळे अकरा मुलांचा वर्ग बंद पडणार, हे काही सुखाने लटकत राहण्यासारखे नव्हते.

दुसऱ्या दिवशी मावशीने मला खडकावर ठेवले आणि नुसत्या पोहण्याच्या पोशाखात पाण्यात उतरली. शिट्टीमास्तर काठावर लक्ष ठेवून होते. सुरुवातीला तिचे हात असे सपासप चालले की मला माझाच राग आला. पण थोड्याच वेळात तिची बोटे फाकली. ती जवळ आणता येईनात, पाणी बोटांमधून निसटून जाऊ लागले आणि अर्ध्या वाटेतच तिला फिरावे लागले. निळ्या ओठांनी, दात वाजवत ती खडकापाशी आली आणि मला छातीशी कवटाळून बसली.

"तुझ्याशिवाय जमत नाही," ती मला म्हणाली, "आणि तुझ्यासकटही जमत नाही. काय करू तुझं?"

घरी गेल्यावर तिने ही सगळी कहाणी आईला सांगितली. मावशीची आई शिवणकाम करायची. घराची पुढची खोली तिचीच होती. खिडकीशी पायाने चालवायचे मशीन, दांडीवर शाळेचे गणवेश आणि बिनबाह्यांचे अर्धवट कोट, वरच्या फळीवर बटणांची भलीमोठी बरणी. गळ्यात मोजपट्टी आणि ओठांत कायम चार-पाच टाचण्या. त्यामुळे तिचे बोलणे निम्मेच बाहेर येई, आणि जे येई ते टोचे. सगळी गल्ली तिला टाचणीआजी म्हणायची. पंचावन्न वर्षांत तिच्या हातून एक कपडा बिघडला नव्हता, आणि हे ती दर दोन दिवसांनी कोणाला ना कोणाला सांगायची. समुद्रावर मात्र ती कधी गेली नव्हती. "खारट पाण्यानं कापडाची वाट लागते," म्हणायची.

आजीने मला उलटे केले, सुलटे केले, बगलेत अंगठा घालून पाहिला.

"बगल खेचते ना? मग त्यात काय एवढं! चौबगला घालू."

चौबगला म्हणजे बगलेत बसवायचा चौकोनी तुकडा. तो घातला की बाही मोकळी होते.

"आई, हे कापड नाहीये, रबर आहे."

"मी कोट शिवलेत, पडदे शिवलेत, एकदा तर तंबू शिवलाय. हा मला काय नवा?"

मावशी तलावावर गेली आणि आजीने कात्री काढली. मी ओरडलो, पण आमचे ओरडणे माणसांना ऐकू येत नाही. दोन्ही बगला उसवून तिने काळ्या ताणणाऱ्या कापडाचे दोन सुरेख चौबगले बसवले. टाके इतके सारखे होते की कारखान्यातल्या बाईंनीही वाहवा केली असती. फक्त मशीनची सुई प्रत्येक टाक्याला आरपार जात होती. आता कळले ना, ते वाक्य लक्षात ठेवायला का सांगितले ते?

खोलीत सगळे झकास वाटले. समुद्रात गेलो आणि बर्फासारखे पाणी त्या कापडातून नि भोकांमधून सरळ आत! मी गाळणी झालो. आत शिरलेले पाणी पायांत उतरले, आणि मावशी बाहेर आली तेव्हा माझे दोन्ही पाय पोत्यासारखे फुगले होते.

"मावशी, तुझे पाय हत्तीचे झाले!" खेकडा गट ओरडला.

मावशी वाळूत बसून पोट धरून हसली. मग हळूहळू तिचे हसू ओसरले. परीक्षेला नऊ दिवस उरले होते.

हे ऐकल्यावर आजीने ओठांतल्या टाचण्या एकेक करून काढल्या आणि टाचण्यांच्या उशीत टोचल्या. मग म्हणाली, "चुकलं माझं." त्या घराच्या भिंतींनी हे शब्द पहिल्यांदाच ऐकले असावेत.

दुसऱ्या दिवशी आजीने मला पिशवीत घातले आणि सूट दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडे जाऊन सरळ त्याच्या बाकावर बसली. "मला शिकव," म्हणाली. तो तिच्या नातवाच्या वयाचा, बिचारा गडबडून गेला. गोंदाचा एक हात द्यायचा, तो वाळू द्यायचा, मग दुसरा हात, मग दाबून धरायचे, आणि वाकड्या सुईने फक्त अर्ध्या जाडीतून टाका घ्यायचा, हे सगळे ती दोन दिवस शिकली. तिसऱ्या दिवशी तिने जुने कापड उसवून पातळ, जास्त ताणणाऱ्या रबराचे नवे चौबगले बसवले. हीच ती माझी ठिगळे. आजवर त्यांतून पाण्याचा एक थेंब आत आलेला नाही.

पण मावशीने मला घालून हात वर केला, तर ओढ आधीपेक्षा थोडीशीच कमी झाली होती. परीक्षेला चार दिवस होते.

"अजून खेचतोय?" आजीचे डोळे बारीक झाले. "मग दोष शिलाईत नाही. काढ तो. आणि माझ्यासमोर पहिल्यापासून घालून दाखव."

मावशीने पाय घातले, मला कमरेपर्यंत खेचले, बाह्या चढवल्या, चेन ओढली. शेवटी खाली वाकून तिने घोट्याजवळची दोन्ही टोके पकडली आणि नेहमीसारखा मला खाली एक सणसणीत हिसका दिला.

"थांब!" आजी ओरडली. "हे काय करतेस?"

"चुण्या काढतेय."

"कशाला?"

"कशाला म्हणजे? कपडा घातला की खाली ओढून सरळ करायचा, चुणी दिसता कामा नये. लहानपणापासून तूच नाही का माझ्या मागे लागलीस?"

आजी उठली आणि मावशीच्या दोन मांड्यांच्या मध्ये, जिथे मी अंगाला चिकटून बसायला हवे होते तिथे, तिने बोटे आडवी धरून पाहिली. चार बोटे मावतील एवढी जागा रिकामी होती. मग तिने कपाळावर हात मारून घेतला.

"अगं, इथे चार बोटं कमी, म्हणून खांद्यावर चार बोटं कमी! हात वर करतेस तेव्हा तू एकट्या बाहीला ओढत नाहीस, मांडीपासून अख्ख्या सुटाला ओढतेस. घोळ सगळा पायांत गेलाय!"

"मी काय घोळ घातला? तू शिकवलंस तसंच तर..."

"तो घोळ नव्हे गं! कपड्याचा घोळ, सैलपणा! तो वर खांद्यावर हवा." आजी खाली बघत म्हणाली, "तो दुसरा घोळही आहे म्हणा. पण तो माझा आहे."

मग त्या खोलीत जे झाले ते मी जन्मात विसरणार नाही. मावशीने मला उतरवले. आजीने तिच्या पायावर प्लॅस्टिकची पिशवी चढवली, त्यामुळे पाय माझ्यातून सुळकन सरकला. मग नखे न लावता, बोटांच्या पेरांनी चिमूट चिमूट पकडून तिने मला वर सरकवले. घोट्यावरून पोटरीवर, पोटरीवरून गुडघ्यावर, मांडीवर, कमरेवर. बाह्यांचेही तसेच, मनगटापासून खांद्यापर्यंत. खांद्यावर माझी छानशी मऊ वळी पडली. घोट्याजवळ मात्र आता मी जरा अपुरा आणि वाकडातिकडा दिसत होतो, गुडघ्यांमागे चुण्या होत्या.

"दिसू देत चुण्या," आजी म्हणाली. हे बोलताना तिच्या जिवाला काय यातना झाल्या ते तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होते.

मावशीने हात वर केला. खेच लागेल या हिशेबाने तिने जोर लावला होता, पण खेच लागलीच नाही, आणि तिचा हात थेट वरच्या फळीवर आदळून बटणांची बरणी खाली आली. खोलीभर बटणेच बटणे! दोघी खाली बसून ती वेचत होत्या आणि हसत होत्या, आणि मावशी मध्येच पुन्हा हात वर करून बघत होती.

परीक्षेच्या दिवशी आभाळ भरलेले होते आणि पाणी बोचरे. खेकडा गट कानटोप्या घालून ओळीने वाळूत बसला होता. आजीही आली होती. घडीची खुर्ची उघडून ती समुद्राकडे पाठ करून बसली. "मी शिलाई बघायला आलेय," तिने सगळ्यांना बजावून सांगितले.

शिट्टी वाजली. रबर ते रबरच. मी खेचत नव्हतो असे म्हणणार नाही. पण आता मी फक्त खांद्यापुरता खेचत होतो, आणि तेही अगदी थोडे. शिवाय मला देण्यासारखेही काही होते, ते मी जीव ओतून दिले. माझ्या बुडबुड्यांनी मावशीचे पाय वर उचलून धरले, तिचे अंग उबदार ठेवले, बोटांतले बळ टिकवले. या चार दिवसांत तीही एक गोष्ट शिकली होती. उन्हाळ्यासारखी सपासप घाई माझ्यासोबत चालत नाही. लांब हात टाकायचा, पाणी पुरते मागे सारायचे, आणि फळी घसरत असताना खांद्याला क्षणभर विसावा द्यायचा.

बोयाच्या अलीकडे लाटांची एक रांग फुटत होती. तिने मावशीला दोनदा मागे फेकले. दुसऱ्यांदा मला वाटले, संपले. मावशीच्या छातीची धडधड मला माझ्या रबरातून ऐकू येत होती. तिने मान खाली घातली आणि मोठ्याने मोजायला सुरुवात केली, एक, दोन, एक, दोन, तलावावर मुलांना शिकवताना मोजायची तशी. तिसऱ्या लाटेला आम्ही पार झालो, बोयाला वळसा घातला आणि परत फिरलो. येताना मात्र त्याच लाटांपैकी एकीने आम्हाला पाठीवर घेतले आणि थेट वाळूजवळ आणून सोडले. मावशी फळी टाकून धावली आणि तिने खांबाला मिठीच मारली.

शिट्टीमास्तरांनी घड्याळ पाहिले. मग पुन्हा पाहिले. "अकरा मिनिटं अठ्ठेचाळीस सेकंद," म्हणाले, आणि त्यांनी शिट्टी ओठांत धरून अशी लांबलचक वाजवली की दूरवरच्या खडकावरचे पक्षी उडाले. अकरा खेकडे मावशीच्या अंगावर तुटून पडले. आजी खुर्चीवरून उठली, त्या घोळक्यातून वाट काढत आली, आणि कोणाचेही काही न ऐकता तिने माझ्या चेनीतून हात घालून बगलेत दोन बोटे लावली.

"कोरडं आहे," ती म्हणाली आणि डोळे पुसू लागली.

त्यानंतर चार हिवाळे मी खेकडा गटासोबत काढले. नव्या मुलांना सूट घालायला शिकवताना मावशी माझेच उदाहरण द्यायची आणि मी फुशारून जायचो. पण कौतुकाच्या भरात माणसे विसरतात, मावशीही विसरली. चौथ्या हिवाळ्याच्या शेवटच्या दिवशी तिने मला ओला, खारट, बोळा करून गाडीच्या डिकीत टाकले आणि मी तिथे अकरा दिवस पडून राहिलो. अंगाला वास आला, रबर कडक झाले, गुडघ्यांना भेगा पडल्या. मावशीला फार वाईट वाटले, तिने मला दोनदा धुतले, पण गेलेला मऊपणा परत आला नाही. मग मऊ खांद्यांचा नवा सूट आला आणि मी दाराआड गेलो. त्या दिवसांत मला फार एकटे वाटायचे.

एके दिवशी मावशी मला टाकून द्यायला निघाली, तर आजी आडवी आली.

"टाकतेस कशाला? मला होईल."

"तुला? आई, तू तर घोट्याएवढ्या पाण्यातसुद्धा कधी..."

"चौबगला पाण्यात कसा बसतो ते बाहेरून कळत नाही," आजी म्हणाली. तिला त्र्याहत्तरावे लागले होते.

तिने माझे पाय आखूड केले, गोंदाने बरं का, आणि वाकड्या सुईने. आज सकाळी ती मला घालून वाळूत उभी राहिली. खेकडा गटातली मुले आता तिच्याएवढी उंच झाली आहेत. ती तिच्याभोवती जमली आणि चिमूट चिमूट पकडून मला वर सरकवू लागली. "आजी, घोळ वर घ्या! अजून वर!" आजी ओरडत होती, "नखं लावू नका रे मेल्यांनो!" मग ती फळीवर पालथी पडली. मावशीने फळी दोन्ही हातांनी धरली होती. आजीने एक हात पुढे टाकला, मग दुसरा. ओठांत एकही टाचणी नव्हती, त्यामुळे तिचे बोलणे सगळ्या किनाऱ्याला स्वच्छ ऐकू गेले, "अगं, मी तरंगतेय की!"

तर मित्रांनो, वापर झाला की आम्हाला गोड्या पाण्याने धुवा, सावलीत वाळवा, बारीक हँगरला खांद्यांनी लटकवू नका आणि डिकीत तर मुळीच विसरू नका. कोणी घट्ट वाटले, खेचतेसे वाटले, तर कात्री काढण्याआधी त्याचा घोळ कुठे अडकला आहे ते एकदा बघा. आता ते दार जरा उघडे ठेवा, वारा येऊ दे. उद्या सकाळी आठला आजी मला न्यायला येणार आहे. उद्या फळी धरायची नाही, असे तिने मावशीला बजावून ठेवले आहे, आणि तोवर मला वाळायला हवे.